लाखावर दोन

लाख हा शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. माहेरी म्हणायचे, "पोर लाखात एक आहे हो!" सासरी आल्यावर महिन्याच्या आत "ही लाखाचे बारा हजार करील" असं ऐकलं. दोन्हीकडे लाख म्हणजे आपलं पुष्कळ, एवढाच अर्थ. तो आकडा कुणी खरोखर मोजायला बसतं, आणि मोजता मोजता घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात, हे मी ठाण्याला टेंभीनाक्याजवळच्या आमच्या बिऱ्हाडात पाहिलं. त्यातलं निम्मं मला तेव्हा कळलं नव्हतं. आता केस पिकले, तरी सगळं कळलंय अशी फुशारकी मी मारणार नाही.

आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, कल्याणला दिलेल्या. त्यांची दोन बाळंतपणं झाली होती आणि दोन्ही मुलं बारशाच्या आधीच गेली होती. नाव ठेवायलासुद्धा थांबली नाहीत. त्यांच्याविषयी आमच्या घरात कुणी अक्षर काढायचं नाही. गेलेल्यांची मोजदाद केली की येणाऱ्याला दृष्ट लागते, असं सासूबाईंचं मत होतं, आणि सासूबाईंचं मत हा आमच्याकडे सरकारी कायदा होता. वन्संना तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा कल्याणकरांनी निरोप धाडला की या खेपेला माहेरीच न्या. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण न बोललेलं आम्हाला ऐकू आलं. हेही मूल हाती लागलं नाही, तर जावयासाठी दुसरी मुलगी बघायला ते मोकळे होते.

आगगाडीनं हिसके बसतात म्हणून सासूबाईंनी लेकीला खाडीतून पडावानं, शिडाच्या होडीनं, आणवलं. त्या पडावानं असे काही हिसके दिले की वन्सं दोन दिवस उठल्या नाहीत. त्या मुळातच कमी बोलायच्या, आता तर नुसत्या बघत बसायच्या. सुईण पहिल्यांदा आली तेव्हा परसदारातच तिनं विचारलं, "कितवी खेप, आई?"

"पहिलीच समज," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे पहिलटकरीण म्हणायची," सुईण म्हणाली. वन्संनी मान खाली घातली. मी आपली तांदूळ निवडत होते. मला मेलीला वाटलं, असेल काही रीत.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी देवापुढे पदर पसरला. "गजानना, हिची सुटका व्हायच्या आत तुला लाख दूर्वा वाहीन. लाख पूर्ण होईतो भाताचं शीत तोंडात घालणार नाही." आमच्याकडच्या माणसाला भाकरी चार खाल्ल्या तरी भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. मी म्हटलं, बाई, झाली आता उपासमार! पण मनात म्हटलं. उघड म्हणायची माझी छाती नव्हती.

लाखोली वाहायची म्हणजे काय, हे मला दुसऱ्या दिवसापासून कळायला लागलं. कोलशेतची एक किरिस्तावीण भाजीबरोबर दूर्वांची पाटी घेऊन यायला लागली. गळ्यात क्रूस, डोक्यावर गणपतीच्या दूर्वा, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"आमी ईसानं मोजताव गो बाय," ती सांगायची, "ईस झाल्या का वर एक, देवाची."

"कुठल्या देवाची?" मी मुद्दाम विचारलं.

"देव काय दोन हायेत?"

सासूबाईंनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दूर्वांवर पळीभर पाणी शिंपडलं. गवत देवाचं, जमीन कुणाची का असेना, असा त्यांचा निवाडा. मग सासूबाई, वन्सं आणि मी अशा आम्ही तिघी त्या दूर्वा निवडायचो, एकवीस एकवीसच्या जुड्या बांधायचो आणि सासूबाई एकेक जुडी नाव घेऊन वाहायच्या. जुडी एकवीसचीच, तुटकी जुडी देवाला चालत नाही. एक जुडी वाहिली की मी एका मडक्यातला चिंचोका दुसऱ्या मडक्यात टाकायची. बोटं हिरवी झाली, ती भाकरी थापताना पिठाला लागायची, आणि आमच्या घरची स्वारी जेवताना विचारायची, "आज भाकरीत काय घातलंय? पालक?"

स्वारी म्हणजे माझे यजमान. ते इंग्रजी शाळेत गणित शिकवायचे आणि घरी आल्यावरही शिकवायचे, ऐकणारा असो वा नसो. मला त्यांनी एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष इथवर आणलं होतं. पण एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी हटकून घसरायची, आणि घसरले की ते असे हसायचे की पाटी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटायची.

दसरा जवळ आला तेव्हा सासूबाई वाळून काडी झाल्या होत्या. सोवळं नेसताना त्यांना भिंत धरावी लागायची. उद्यापनाचा दिवस धरायचा म्हणून त्यांनी लेकाला हाक मारली. "एवढा शिकलास ना? लाख कधी पूर्ण होतो तेवढं सांग."

ह्यांनी पाटी घेतली, चिंचोके मोजले, आणि बघता बघता चेहरा असा खुलला की मला वाटलं, झालंच! "आई, गंमत आहे! लाखाला एकवीसने भाग जात नाही."

"जात नाही म्हणजे?"

"चार हजार सातशे एकसष्ट जुड्या होतात आणि एकोणीस दूर्वा उरतात. आणि बघ ना, चार हजार सातशे एकसष्ट म्हणजे एकोणसत्तर गुणिले एकोणसत्तर! चक्क वर्गसंख्या!"

"मेल्या, तुझी वर्गसंख्या घाल चुलीत," सासूबाई म्हणाल्या. "शेवटची जुडी एकोणीसची होणार?"

"नाहीतर एकवीसची करायची. मग लाखावर दोन जास्त."

"कमी नको आणि जास्त नको. लाख म्हणजे लाख बोललेय मी."

"मग मी काय करू? लाखाचे अवयव पाडले तर नुसते दोन आणि पाच निघतात. पाच वेळा दोन, पाच वेळा पाच. तीन लागत नाही, सात लागत नाही. एकवीस म्हणजे तीन साते. लागणार कसा?"

मी मध्येच तोंड घातलं. "दूर्वेला तीन पाती असतात. पाती मोजली तर?"

"तीननेही जात नाही. एक उरतो," हे म्हणाले. मला वाटलं होतं, एवढा मोठा लाख, त्याच्या पोटात सगळं मावत असेल. तीन नाही, सात नाही, मग मोठा कशाला व्हायचं? हे मी बोलून दाखवलं तर हे म्हणाले, पहिल्यांदाच तू गणितातलं काही बोललीस. मला अजून समजलं नाही की ती शाबासकी होती की टोमणा.

दुसऱ्या दिवशी भटजींना बोलावणं गेलं. ते कल्याणहून आले, पाटावर बसले, दूध प्याले, आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? जपाची माळ एकशे आठ मण्यांची, पण आपण शंभरच धरतो ना? आठ मणी चुकल्यामाकल्याचे. तशी जुडी एकवीसची, धरायच्या वीस. पाच हजार जुड्या वाहा. लाख पूर्ण."

मला हे पटलं. कोलशेतवालीसुद्धा वीसच मोजायची की, वरची एक देवाची! पण हे ताडकन उठले. "म्हणजे वाहायच्या एक लाख पाच हजार आणि म्हणायचं लाख? हा लाख आहे की लोणच्याची फोड, वाटेल तशी चिरायला?"

"शास्त्र आहे ते," भटजी म्हणाले.

"हेही शास्त्रच आहे," म्हणून ह्यांनी पाटी पुढे केली. दोघांचा तिथेच छत्तीसचा आकडा झाला. पुढे ह्यांनीच मला सांगितलं की लाखाला भाग जाणाऱ्या संख्या एकापासून खुद्द लाखापर्यंत मोजल्या तर बरोब्बर छत्तीस भरतात. मी म्हटलं, मग आमच्या घरात भांडण झालं त्यात नवल ते काय! लाखानंच लावून दिलं.

गोंधळ असा की आता आमच्याकडे तीन लाख झाले. ह्यांचा कमी-जास्तीचा लाख, भटजींचा चुकल्यामाकल्याचा लाख, आणि सासूबाईंचा बोललेला लाख. मी चिंचोका टाकायची तो नेमका कुठल्या लाखाचा, हे मला समजेना. विचारायला जावं तर तिघंही खेकसणार. वन्सं आपल्या खांबाला टेकून जुड्या बांधत होत्या. त्यांचे पाय सुजले होते आणि डोळे दारावर, म्हणजे कल्याणहून कुणी येतंय का, यावर.

त्यातच एक दिवस जेवताना ह्यांनी कहर केला. मी भाकरी वाढत होते, आणि ह्यांना आदल्या दिवशी शाळेतल्या कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात सापडलेलं सांगायची हौस आली. "संख्येत तीन जाती असतात, ऐक. सहाला भाग जातो एकाने, दोनाने आणि तिनाने. त्यांची बेरीज कर."

"सहा," मी बोटांवर मोजून म्हटलं.

"शाबास! स्वतःच्या भागांइतकीच भरली, म्हणून सहा ही पूर्ण संख्या. अठ्ठावीसही पूर्ण. अशा फार थोड्या. लाख काही पूर्ण नाही. लाख कितीही झालं तरी पूर्ण व्हायचा नाही."

आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी धावले. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या आणि दूर्वांचं तबक उपडं झालं होतं. चेहरा पांढराफटक.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "लाख पूर्ण होतच नाही. आणि मी बोलून बसले, लाख पूर्ण करीन म्हणून. देवाशी खोटं बोलले मी. माझ्या तोंडानं लेकीचा घात झाला गं!"

"आई, तसं नव्हे!" हे हात न धुताच आत आले. "पूर्ण म्हणजे तुझं पूर्ण नव्हे. ते वेगळं पूर्ण!"

"पूर्ण काय दोन असतात?"

"इथे असतात! लाखाचे भाग मिळवले तर बेरीज लाखाच्या खूप वर जाते. एक लाख सेहेचाळीस हजार अठ्ठ्याहत्तर. म्हणून लाख पूर्ण नाही, लाख अधिक आहे. पूर्णाहूनही चांगलं, आई! अधिक!"

झालं! आगीतून फुफाट्यात. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अधिक? अधिकात उद्यापन कुणी करतं का?"

अधिक महिन्यात व्रतं उजवत नाहीत, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. त्या वर्षी अधिक महिना नव्हताच, पण सासूबाईंच्या मते जो आकडाच मुळात अधिक, त्याला महिना कुठला का असेना. ह्यांनी डोक्यावरची शेंडी ओढली, शब्दशः ओढली. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण सासूबाईंनी त्या दिवसापासून भाकरीही टाकली. नुसतं दूध. "पूर्ण होत नाही त्याची शिक्षा मीच घेते," म्हणाल्या. रागच आला मला. कसली शिक्षा, कुणाला, आणि हिशेब कुणाचा? म्हातारीला काही झालं असतं तर वन्संनी आईचं सुतक पाळायचं की बाळंत व्हायचं?

ह्यांना त्या मुकाट चेहऱ्यासमोर बसवेना. ते शाळेतून उशिरा यायला लागले. मला म्हणाले, "मी खरं तेच सांगितलं ना? मग हे असं का झालं?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, "अहो, तुमच्या पुस्तकात जे पूर्ण आहे त्याला दुसरं काही नाव ठेवा ना." तर म्हणाले, नावात काय आहे. आणि पाटी उचलून उगाच पुसायला लागले.

पण दूर्वा वाहणं थांबलं नाही. सवयीनं म्हणा, नाहीतर थांबायचं कसं हे कुणालाच सुचेना म्हणून म्हणा, सासूबाई रोज वाहत राहिल्या. आणि एका सकाळी पहिलं मडकं रिकामं झालं. ह्यांनी मोजून ठेवलेले चार हजार सातशे एकसष्ट चिंचोके संपले. तबकात एकच जुडीभर दूर्वा राहिल्या होत्या. सासूबाईंनी त्यांतल्या एकोणीस हातात धरल्या आणि दोन तबकात तशाच. वाहीनात.

त्याच सकाळी वन्संना कळा सुरू झाल्या होत्या. पोटाला हात लावून त्या देवघराच्या उंबऱ्याशी येऊन बसल्या. हे शाळेला निघाले होते, पगडी डोक्यावर, ते तसेच दारात उभे. मी म्हटलं, "सासूबाई, वाहा हो काहीतरी! एकोणीस वाहा, एकवीस वाहा, पण वाहा! वेळ काय आहे!"

"एकोणीस तुटकी आहे," त्या म्हणाल्या. "आणि या दोन माझ्या नवसातल्या नाहीत. जास्तीच्या आहेत."

तेव्हा वन्सं बोलल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांचा एवढा स्वच्छ आवाज ऐकला नव्हता. "जास्तीच्या नाहीत, आई. त्या दोन माझ्या आहेत. मला दोन झाली होती ना? कुणी मोजतच नाही. एक त्याची, एक तिची. वाहा."

ह्यांनी पगडी काढून हातात घेतली. सासूबाईंनी तबकातल्या दोन दूर्वा उचलल्या, एकेक करून बाकीच्यांत मिळवल्या, जुडी बांधली आणि वाहिली. नमस्कार करायलाही त्या विसरल्या. वन्संना पुढची कळ आली ती एवढी मोठी, की त्यांनी माझं मनगट धरलं ते मोडतंय की काय असं मला झालं. त्यांना बाळंतिणीच्या खोलीत निजवलं आणि मी सुईणीला हाक घातली.

ती आली, पण आत येईचना. परसदारातूनच म्हणाली, "पहिलटकरीण आहे ना? मग घाई कसली? आज दिवेलागणीपर्यंत काही होत नाही. कळव्याला एक बाई अडलीय, तिची सुटका करून येते." आणि पाठ फिरवून चालायला लागलीसुद्धा.

सासूबाईंना महिनाभर मोठ्यानं बोलायचं त्राण नव्हतं. पण त्या अशा ओरडल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. "थांब गं! पहिलटकरीण नव्हे ती! तिसरं आहे तिचं! दोन होऊन गेली!"

सुईण गर्रकन वळली. "मग आधी नाही का सांगायचं, आई! तिसऱ्याला काय वेळ लागतो!" म्हणत तिनं पदर खोचला आणि मला ढकलून आत शिरली. ती आत गेल्यावर सासूबाई ओट्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "भात टाक."

मी तांदूळ धुतले, चुलीवर चढवले. हे अंगणात फेऱ्या घालत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. बहुधा पाढे. भाताला आधण येतंय न येतंय तोच आतून रडणं ऐकू आलं. बारीक आवाज नव्हता, चांगलं ठणठणीत भोकाड. सुईणीनं दारातून सांगितलं, मुलगी, आणि दोघी धड आहेत. सुईण म्हणे, मूल नाळेत गुरफटलेलं होतं, कळव्याला गेले असते तर परत येऊन नुसतं तोंड बघितलं असतं.

हे आत आले आणि आईपाशी खाली जमिनीवर बसले. पूर्ण, अधिक, काही बोलले नाहीत. मी पान मांडलं, गरम भात वाढला, वर तूप घातलं. सासूबाईंनी पहिला घास उचलला, तोंडाशी नेला आणि परत पानात ठेवला.

"दोघांना नावं तरी ठेवायला हवी होती गं आपण," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा घळाघळा रडायला लागल्या. आतून वन्संनी विचारलं, आई जेवली का. मी म्हटलं, "जेवताहेत," आणि आणखी भात वाढला.